राब भाजून झाल्यावर

वैशाखात किन्हवलीत शिरायच्या आधी धुराचा वास येतो. शेणवं मागं पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना राब भाजलेले दिसतात. माळरान सगळं तांबूस, गवत वाळून गेलेलं, आणि त्यात मधूनच एखादा काळाकुट्ट चौकोन. शेण, टहाळ, पालापाचोळा रचून, वर माती पसरून जाळलेला. मृगाचा पाऊस पडला की भाताचं बी तिथंच पडणार.

मी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर बसून फाइल वाचत होते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं, निवृत्त होऊनही बारा वर्षं झाली, पण गावाला ते मास्तरच. सातबारा, कोर्टाची नोटीस, बँकेचं पत्र, काही कळेनासं झालं की तो कागद आबांच्या ओट्यावर येतो. ही फाइल दवाखान्याची होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेली.

शेजारच्या वाडीतल्या नऊ वर्षांच्या मुलीची ती फाइल. सहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला; लहान मुलांत सगळ्यांत जास्त आढळतो तो, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. अडीच वर्षं केमो चालली. गेल्या दिवाळीत औषधं बंद झाली, केस वाढले, पोरगी शाळेत जायला लागली. चैत्रात ताप आला, रक्त तपासलं, आजार परत. आता खारघरच्या रुग्णालयातले डॉक्टर म्हणतात, पुन्हा केमो देऊन आजार खाली आणू, मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट करू. धाकट्या भावाचं मॅचिंग जुळलं आहे. भाऊ पाच वर्षांचा.

मुलीचा बाप सकाळीच येऊन गेला होता. त्याच्या रस्त्याकडेच्या दीड एकराला गिऱ्हाईक आहे. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेल्यापासून रविवारी इकडे फार्महाउसवाल्यांच्या गाड्या फिरतात. विकू का, एवढंच विचारायला तो आला होता.

"विकू नकोस म्हणालो मी," आबांनी फाइल मिटली.

उंबरठ्याच्या आत वहिनी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. वहिनी म्हणजे आबांची सून. कल्याणला राहते, आणि मुंबईतल्या एका रुग्णालयात बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात तिनं अकरा वर्षं नर्स म्हणून काढली आहेत. चार दिवसांच्या रजेवर आली होती. तिचा अडकित्ता थांबला.

"आबा, हे त्याला सांगायच्या आधी मला हाक मारायची होतीत."

"तू झोपली होतीस. रात्री उशिरा आलात तुम्ही."

"उठवायचं होतंत मला."

सासऱ्यासमोर सुनेनं इतक्या सरळ आवाजात बोलणं या ओट्याला नवं होतं. आबांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते चष्मा पुसतात.

"बस इथं," ते म्हणाले. "आणि मला समजावून सांग. अडीच वर्षं त्या पोरीला टोचलंच ना? तेव्हाही डॉक्टर म्हणाले होते, बरीच मुलं बरी होतात. मग ही का नाही झाली? आणि आता तेच परत, दसपट."

"तेच नाही. केमोत आजार मारायचा आणि मॅरो वाचवायचा, अशी कसरत असते. ट्रान्सप्लांटमध्ये मॅरो वाचवायचाच नसतो. इतकी कडक औषधं देतात, कधी सगळ्या अंगाला रेडिएशन, की हाडातला मगज रिकामा होतो. मग दुसऱ्याच्या मगजातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, आत सोडायच्या. त्यांच्यातून नवं रक्त तयार होतं."

"म्हणजे राब भाजायचा."

वहिनीला हसू आलं. "हो. तण, तणाचं बी, सगळं जाळायचं. मग नवं बी टाकायचं."

"आणि मग आवणी."

"नाही, तिथं तुमचं शेत संपलं आबा. आवणीला वाकावं लागतं, एकेक रोप चिखलात खोचावं लागतं. इथं कोणी काही खोचत नाही. रक्ताची असते तशी पिशवी येते, लालभडक. छातीत बसवलेल्या नळीतून ती शिरेत सोडायची. त्या पेशी रक्तातून हिंडत हिंडत हाडात आपली जागा आपणच शोधतात. आईबाप काचेतून बघत असतात. त्यांना वाटतं, मोठं ऑपरेशन होईल, डॉक्टरांची धावपळ होईल. पिशवी थेंब थेंब गळते, संपते, मी नळी धुऊन बंद करते. झालं. त्या दिवसाला आम्ही डे झिरो म्हणतो. खरा खेळ त्याच्या पुढं."

आबांनी वर्तमानपत्राच्या कडेला 'डे झिरो' असं लिहून ठेवलं. नवा शब्द आला की टिपायचा, ही सवय अजून गेलेली नाही.

"आणखी एक," वहिनी म्हणाली. "राबाखालची जमीन बोलत नाही. पोरगी बोलते. तोंडाला आतून फोड येतात, स्वतःची थुंकी गिळवत नाही. दहा-बारा दिवस पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर. भिंतीवर एक फळा असतो, त्यावर रोज सकाळी काउंट लिहितो आम्ही. एक आई होती, तिला वाचता येत नव्हतं. पण पाचशे हा आकडा तिला पाठ झाला होता. पाचशेच्या वर सलग तीन दिवस गेला की नवा मॅरो रुजला असं धरतात. ती रोज मला विचारायची, पाच आला का गं पुढं? पाच आणि मागं दोन पूज्यं."

"आला का?"

"एकोणिसाव्या दिवशी."

आबा थोडे सैलावले असं मला वाटलं, पण तिनं पुढचंही सांगून टाकलं. "आणि रुजला म्हणजे संपलं असं नाही. नव्या पेशी त्या शरीराला परक्या. उरलासुरला कॅन्सर त्या ओळखून मारतात. खरं औषध ते. केमो नुसती जागा करून देते. पण कधी त्याच पेशी पोराच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उठतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. थोडा झाला तर चालतो, कधी बराही म्हणायचा. फार झाला तर पोर त्यातच जातं."

"हे सगळं तूच सांगते आहेस, आणि वर म्हणतेस मी चुकलो."

"मी लपवणार नाही. पण तुम्ही अर्ध्या माहितीवर त्याला उत्तर दिलंत."

चहा आला. मग वहिनीनं आकडा काढला, आणि मला वाटलं वाद इथं संपणार. २०२१ साली एक मोठा अभ्यास छापून आला, फोरम नावाचा. ३५ देशांतली मुलं त्यात होती. अंगभर रेडिएशन आणि औषध देऊन ज्यांचं ट्रान्सप्लांट झालं, त्यांच्यातली शंभरात ९१ मुलं दोन वर्षांनी हयात होती. रेडिएशन टाळून नुसती औषधं दिली, त्यांच्यात ७५.

"शंभर कुठली?" आबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"पाचवीत शंभर पोरं नाव घालतात. दहावीला साठ बसतात. निकाल नव्वद टक्के लागतो, मुख्याध्यापक फळा रंगवून दारात लावतात. मधली चाळीस वीटभट्टीवर गेली की रेतीवर, ते फळ्यावर येत नाही. म्हणून विचारतो, तुझी शंभर कुठली?"

वहिनी थांबली. कैरीची फोड हातात तशीच राहिली. "दहावीला बसलेली," ती म्हणाली. "त्या अभ्यासातल्या मुलांचा आजार आधी दबलेला होता, जुळणारा दाताही होता. केमोच्या वाटेतच गेली ती, आजार खाली आलाच नाही ती, त्या शंभरात नाहीत."

"आणि जीपच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून बापानं परत आणली ती?"

"तीही नाहीत."

खरं सांगतो, त्या दुपारी मी दोनदा पक्ष बदलला. पहिल्यांदा इथं. बत्तीस पोरांचा पट सांभाळलेल्या माणसाला टक्केवारीनं गप्प करता येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

पण वहिनीची मान खाली गेली नाही. "म्हणूनच," ती म्हणाली, "ट्रान्सप्लांट करायचं का, हा पहिला प्रश्नच नव्हे. पहिला प्रश्न, आजार परत आला कधी? औषधं बंद होऊन सहा महिने उलटल्यावर आला असता आणि पहिल्या महिन्याच्या केमोत झपाट्यानं ओसरला असता, तर पुष्कळदा नुसत्या केमोवर भागतं. ट्रान्सप्लांटची गरजच पडत नाही. हिला पाचच महिने झालेत."

"एका महिन्यानं हुकली म्हण."

"महिन्याची रेघ माणसांनी मारली आहे आबा, आजाराला पंचांग कळत नाही. लवकर परतलेला आजार औषधांना निर्ढावलेला असतो, एवढंच ती रेघ सांगते. अशा आजारात नुसत्या केमोवर डॉक्टर विसंबत नाहीत. आता दुसरा प्रश्न. केमोनं तो खाली येतो का? एमआरडी नावाची तपासणी असते. दहा हजार पेशींत एकसुद्धा वाईट पेशी सापडू नये, इतका खाली यावा लागतो. वर असताना ट्रान्सप्लांट केलं तर तण न जाळता बी टाकल्यासारखं. तो रिपोर्ट अजून यायचाय. तोवर शेत विकायचं की नाही हा विषय निघतोच कुठं?"

"मी तेच म्हणालो, विकू नकोस."

"तुम्ही विकू नकोस म्हणालात. थांब म्हणाला नाहीत."

आबांनी पुन्हा चष्मा पुसला. या वेळी रागानं नाही.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. ट्रान्सप्लांटच्या वॉर्डात नवी नर्स आली की जुन्या नर्सेस ती सांगतात म्हणे. मार्च १९८३. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. करणारे डॉ. सुरेश अडवाणी, लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून वॉर्डात फिरणारे. अमेरिकेत सिएटलला डॉनल थॉमस यांच्याकडे ते हे शिकून आले होते. तेव्हा आपल्याकडे मॅरो बदलतात हे म्हटलं तरी लोकांना जादूटोणा वाटला असता.

"आणि पेशंट कोण होतं माहीत आहे? ल्युकेमियाची मुलगी. तिचा प्रकार वेगळा, मायलॉइड. मॅरो दिला तिच्या भावानं."

"वय?"

"नऊ वर्षं."

आबांनी फाइलकडे पाहिलं.

"थॉमसांचं पुढं काय झालं?" मी मध्ये तोंड घातलं, कारण शांतता जरा जास्तच झाली होती.

"१९९० मध्ये नोबेल. पण सुरुवात १९५७ ची. तेव्हा त्यांनी सहा जणांना मॅरो दिला. शंभर दिवसांच्या पुढं एकही जगला नाही."

"तेहतीस वर्षं," आबांनी लगेच वजाबाकी केली. "त्या तेहतीस वर्षांत जी पोरं गेली, त्यांना कोणी विचारलं होतं?"

याला वहिनीनं उत्तर दिलं नाही. उलट तिनं प्रश्न टाकला, आणि तो मला आजवर सलतो आहे.

"आबा, आता खरं बोला. आजारी तो पोरगा असता, आणि मॅरो त्या पोरीचा काढायचा असता, तरी तुम्ही विकू नकोस म्हणाला असता?"

खळ्याकडून कोणीतरी बैलाला हाकारत होतं. तेवढाच आवाज. आबा बराच वेळ बोलले नाहीत.

"तिची आजी आली होती बापाबरोबर," ते शेवटी म्हणाले. "म्हणाली, एकच पोरगा आहे घरात, त्याच्या कमरेत सुया घालणार म्हणतात. पोरीसाठी म्हसोबाला नवस बोललेय, तेवढं पुरे. मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं." आणि मग, "मी काय म्हणालो असतो, मला नाही सांगता येत."

"वॉर्डात मी कधी मोजलं नाही," वहिनी म्हणाली, "पण दिसायचं. खाटांवर मुलगे जास्त, मुली कमी. देशातल्या मोठमोठ्या रुग्णालयांच्या नोंदींतही हेच दिसतं. हा आजार थोडासा मुलग्यांकडे झुकतो, पण एवढा नाही. गाडीत कोण चढतं आणि कोण घरी राहतं, फरक तिथं पडतो. भावासाठी बहिणी मॅरो द्यायला यायच्या, तेव्हा कुठल्या आजीला कमरेतल्या सुया आठवल्या नाहीत."

मी दुसऱ्यांदा पक्ष बदलला तो इथं.

तरी आबांचा मुद्दा संपला नव्हता, आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यांत मोलाचा मुद्दा हाच. "बरं, पोरगा म्हणून नको, पोर म्हणून बघू. पाच वर्षांच्या पोराला विचारलं का कोणी?"

"सही आईबापांची असते. पोराला भूल देतात, पालथं झोपवतात, कमरेच्या हाडात मागच्या बाजूनं सुई घालून मॅरो ओढतात. बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी घरी जातात. तीन-चार दिवस कंबर दुखते. काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून येतो."

"ते कंबरेचं झालं. बहीण नाही वाचली तर? हा मोठा होईल. कोणीतरी लग्नाकार्यात बोलून जाईल, भावाचा मॅरो दिला होता पण लागला नाही. त्याला कोण सांगणार की दोष तुझा नव्हता?"

वहिनीनं विळी-अडकित्ता बाजूला सारला. "हे आम्ही कधी नीट केलं नाही," ती म्हणाली. "दात्याला दुसऱ्या दिवशी बिस्किटाचा पुडा द्यायचो, शाब्बास म्हणायचो, आणि सगळ्या नजरा पेशंटकडे. एक लहान मुलगी मॅरो देऊन गेली होती, तिनं मला विचारलं होतं, माझं रक्त आता दादात राग करेल का. आईनं तिला जीव्हीएचडी असं काहीतरी समजावलं होतं. मी हसले आणि पुढच्या खोलीत गेले. आजही आठवतं."

बाकीचं ऊन पैशात आणि पाण्यात गेलं. पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात दोघांचं फारसं दुमत नव्हतं. खासगीत वीस-पंचवीस लाख सहज होतात, गुंतागुंत झाली तर त्याच्याही वर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, ट्रस्ट आहेत, मोठ्या रुग्णालयांत मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांचं कामच हे जुळवण्याचं. वहिनीचं म्हणणं एवढंच, की सोशल वर्करच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी सातबारा पिशवीतून काढायचा नाही. आबांना हे पटलं. त्यांनी आपल्या बाजूनं भर घातली, की योजनेचं कार्ड, रेशनकार्ड आणि आधार यांतली नावं आधी जुळवून घ्यावीत. एका वेलांटीपायी फाइली अडकलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत.

पाण्याचं मात्र पेटलं.

"भादव्यात ट्रान्सप्लांट धरलं," आबा बोटं मोजू लागले, "तर त्याच्या पुढं शंभर दिवस. म्हणजे कापणी गेली, झोडणी गेली. आणि ते शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ राहायचं."

"राहायलाच हवं. ताप आला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला लागतं. इथून आसनगावला जीपनं जायलाच तास मोडतो."

"आणि नंतर इथं यायचं. गोठा घरालगत, कोंबड्या ओटीवर, पेंढ्याची धूळ, आणि पुढच्या वैशाखात पुन्हा राबाचा धूर. पाणी विहिरीचं, तेही मार्गशीर्षात खाली जातं, मग टँकर. तुमच्या मुंबईच्या नळाला येतं ते पाणी कुठलं? भातसा, तानसा, वैतरणा, आमच्याच अंगणातली धरणं. ज्या वॉर्डात तू काम केलंस तिथल्या नळात आमचं पाणी होतं सूनबाई. इथल्या पोरीला मात्र टँकरचं उकळून प्यायचं. आणि तू म्हणतेस जगेल."

"उकळून प्यायचं, हो. तेवढं घरात होतं. वर्षभर कच्चं खायचं नाही, उघड्यावरचं नाही. लहानपणीच्या लसी सगळ्या पुसल्या जातात, त्या पहिल्यापासून परत टोचायच्या. पोरीला मोठेपणी मूल होईल की नाही सांगता येत नाही, रेडिएशन घेतलं तर बहुतेक नाहीच. उंची कमी राहू शकते. हेही त्याला सांगायचं, नाहीतर दहा वर्षांनी तो आपल्या दारात येईल. पण राहायची सोय आहे आबा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. परळला नाना पालकर समिती आहे. कॅन्सरच्या मुलांसाठी सेंट ज्यूडच्या खोल्या आहेत, २००६ पासून. फुकट. आईबाप आणि पोर, एक खोली, सामाईक स्वयंपाकघर."

"आणि शेतावर कोण?"

"तुम्ही," वहिनी म्हणाली. मी हसलो. आबा हसले नाहीत, पण 'नाही' असंही म्हणाले नाहीत.

मध्येच त्यांना आयआयटीची ती नवी गोळी आठवली. वर्तमानपत्रात वाचलं होतं, राष्ट्रपती पवईला येऊन गेल्या होत्या. गोळी नाही, कार-टी पेशी, वहिनीनं सुधारलं. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून ते केलं, २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये लोकार्पण झालं. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी लाखांतच. आणि परवानगी मिळाली ती १५ वर्षांपुढच्या पेशंटसाठी. लहान मुलांना चाचण्यांमधून मिळतं. "विचारायला हरकत नाही," ती म्हणाली, "पण त्याच्या भरवशावर मॅरो लांबवायचा नाही. कार-टीनंतरही कित्येकांना मॅरो करावा लागतो."

सूर्य मावळतीला गेल्यावर वहिनीनं ते सांगितलं, जे तिनं आपल्या नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, असं मला नंतर कळलं.

"एक मुलगा होता, सात वर्षांचा. विदर्भातला. आजार पूर्ण खाली आला नव्हता तरी ट्रान्सप्लांट केलं. बापानं हात जोडले होते, डॉक्टरांनाही थांबा म्हणवलं नसेल. मॅरो रुजला. तिसाव्या दिवशी फुप्फुसं धरली. मशीनवर गेला. आईला हात लावायचा तर हातमोजे घालून. शेवटचे नऊ दिवस तिनं त्याला रबराच्या आडून हात लावला. मी तिथं होते. मला वाटत होतं, कोणीतरी म्हणा, आता पुरे. मी नर्स, मी म्हणू शकत नव्हते."

"मग? हेच तर मी सकाळपासून म्हणतोय."

"नाही आबा. तुम्ही दारातच थांबा म्हणता. मी म्हणते, आत जा, पण परत फिरायचं कुठून ते आत जायच्या आधी ठरवा. एमआरडी खाली आला नाही तर? परत आला तर? मशीन लावायचं की नाही? हे डॉक्टरांशी आधी बोलायचं, घाबरलेल्या रात्री नाही."

आबांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग त्यांनी त्यांचा एक विद्यार्थी सांगितला. पस्तीस वर्षांपूर्वीचा. पायाच्या हाडाचा कॅन्सर. घरी आणला. रात्री त्याचं ओरडणं शाळेपर्यंत यायचं. दुखण्यावर द्यायला तालुक्यात काही मिळत नव्हतं, आणि मॉर्फिन हा शब्द आबांनी तेव्हा ऐकलाही नव्हता. "घरी आणणं म्हणजे काय, ते मी पाहिलंय," ते म्हणाले. "मी जे 'नको' म्हणतो ना, त्यातसुद्धा सुख नाही."

"आता मिळतं," वहिनी म्हणाली. "पॅलिएटिव्ह केअर. पोराचं दुखणं थांबवायचं, घरी. जव्हार आपल्याच जिल्ह्यात होतं तेव्हा तिथल्या कुटीर रुग्णालयात मुलांसाठी हे काम सुरू झालं होतं. टाटात त्याचा वेगळा विभाग आहे. आणि ते केमोबरोबरच सुरू करता येतं, शेवटची वाट बघावी लागत नाही."

अंधार पडायच्या बेताला मुलीचा बाप पुन्हा आला. पायरीवर बसला, वर बस म्हटलं तरी बसला नाही. आबांनी त्याला सकाळचं उत्तर मागे घेतो असं म्हटलं नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हे. त्यांनी वही मागवली, पान फाडलं आणि शाळेतल्या फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरात लिहायला घेतलं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न.

पहिला त्यांनी लिहिला, 'एकूण खर्च किती?' वहिनीनं मान हलवली. त्यांनी तो खोडून चौथ्यावर नेला. पहिला झाला, 'आजार लवकर परतला की उशिरा, आणि नुसत्या केमोनं भागेल का?' दुसरा, 'एमआरडी कधी कळेल आणि किती असावा लागतो?' तिसरा, 'भावाला काय काय होईल, आणि त्याला कोण समजावेल?' हा आबांचा. वहिनीनं 'कोण समजावेल'खाली रेघ मारली. चौथा खर्चाचा, योजना आणि सोशल वर्करच्या नावासह.

पाचवा आबांनी तिला न विचारता लिहिला. 'नाही केलं तर काय?'

वहिनीनं तो वाचला. मला वाटलं ती खोडायला लावेल. तिनं पेन घेतलं आणि त्यापुढं लिहिलं, 'आणि केलं, पण थांबावं लागलं, तर कसं थांबायचं?'

बापानं कागद हातात घेतला. वाचता येत होतं त्याला, सातवीपर्यंत आबांकडेच शिकलेला. घडी घालून फाइलच्या पिशवीत सरकवला, रबर लावलं.

"मास्तर, मी विचारीन, पण डॉक्टर इंग्लिशमधून बोलायला लागला की माझ्या ध्यानात राहत नाही," तो म्हणाला. "तुम्ही याल का?"

आबांनी वहिनीकडे पाहिलं. "खारघरला जायचं कसं?"

"आसनगावहून लोकल, ठाण्याला उतरायचं, तिथून पनवेलची गाडी."

"कितीची गाठावी लागेल?"

"ओपीडीत नंबर लागायचा असेल तर पहाटेची," ती म्हणाली. "मी येते ठाण्याला. फलाटावर थांबते."

आबा आत गेले. छत्री आणि पायातल्या चपला रात्रीच दाराशी काढून ठेवल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला.